दोरीपल्याडचा खेळ

केवळराम ढिवरानं येरावारसाहेबांचा खेळ वर्षानुवर्षं ऐकला, पाहिला मात्र एकदाच. पण आलापल्लीच्या नाक्यावरच्या चहाच्या टपरीत कोणी साहेबांचं नाव काढलं, की ऐकल्याची गोष्ट तो सांगतच नसे. कपातला चहा बशीत ओतता ओतता म्हणायचा, "मी सोता पाह्यला ना त्याइचा खेळ. एक चेंडू चुकला नाई." ऐकणारे गाडीवान एकमेकांकडे बघून डोळे मिचकावत. ज्याला क्लबाच्या आत पाऊल टाकायची मुभा नव्हती, तो माणूस खेळ पाहिल्याच्या बाता मारतो, आता बोला! केवळराम वाद घालत नसे. बशी संपवायचा आणि लंगडा पाय ओढत आपल्या खोलीकडे चालू लागायचा.

तो मूळचा अहेरीकडचा, प्राणहितेच्या काठचा. बाप जाळं टाकायचा, आजा जाळं टाकायचा, आणि केवळरामाच्याही हातात चालता येण्याआधीच दोरी आली होती. पण एका वर्षी नदीनं दगा दिला, मासोळी मिळेना, म्हणून तो बायकोला घेऊन आलापल्लीला लाकडाच्या डेपोत मजुरीला आला. तिथं सागाचा लठ्ठा थप्पीवरून सुटला आणि त्याच्या डाव्या पायावर आला. पाय वाचला, पण कामाचा राहिला नाही. तेव्हा कोणा साहेबाला दया आली आणि त्याला क्लबात पंखा ओढायला लावलं. पाय मोडला म्हणून बसून खायला मिळालं, नशीब काढलं पोरानं, असं लोक म्हणाले. लोकांना म्हणायला काय जातं, मोडलेला पाय त्यांचा नव्हता.

बायको भागीरथा पुढच्याच पावसाळ्यात तापानं गेली. मूलबाळ नव्हतं. क्लबामागच्या खोलीत एक चूल, एक घोंगडी आणि खुंटीवर बापाचं जुनं जाळं, एवढा त्याचा संसार उरला.

क्लब म्हणजे कौलारू छपराचं लांबट घर. जंगल खात्याचे साहेब, आरागिरणीचा मॅनेजर, डॉक्टर, ठेकेदारांची दोनचार बडी माणसं संध्याकाळी तिथं जमत. मधल्या खोलीत स्नूकरचं टेबल होतं. कुण्या गोऱ्या साहेबानं ते बल्लारशाच्या स्टेशनावरून बैलगाड्यांवर घालून आणवलं होतं. हिरव्या कापडाखाली दगडी फरशा, असं ते धूड. नदी उतरताना एक बैल त्यापायी मेला म्हणतात. साहेब विलायतेला गेला, बैल देवाघरी गेला, टेबल तेवढं राहिलं.

वीज तेव्हा आलापल्लीला नव्हती. टेबलावर दोन गॅसबत्त्या टांगलेल्या असत आणि त्या पेटल्या की जंगलातला एकूण एक किडा क्लबाकडे धाव घेई. म्हणून खेळ सुरू होण्याआधी दारं-खिडक्या घट्ट लावून घेत. आत उकडून जीव जाई. त्यावर उपाय म्हणजे छताला टांगलेला पंखा, कापडाची झालर लावलेली एक लांब फळी. तिची दोरी भिंतीत उंचावर पाडलेल्या भोकातून मागच्या पडवीत आली होती आणि दोरीच्या टोकाशी केवळराम बसायचा. भोकातून उजेडाचा एक तुकडा दिसे आणि कौलाची खालची बाजू. बाकी सगळं कानानं.

आतल्या मंडळींच्या लेखी त्याला नाव नव्हतं. "पंखा, जोरात!" अशी आरोळी आली की जोरात ओढायचं. "पंखा, झोपला काय?" आली की जागं असलं तरी दचकायचं. आणि कोणी चेंडू मारायला वाकलं की थांबायचं, कारण वाऱ्यानं बत्त्या हलत, बत्त्या हलल्या की चेंडूंच्या सावल्या हलत आणि साहेबांचा नेम चुकत असे. नेम तसाही चुकतच असे. पण चुकायला काहीतरी निमित्त लागतं, आणि पडवीतल्या पंख्याइतकं स्वस्त निमित्त दुसरं कुठलं? पहिल्या उन्हाळ्यात केवळरामानं आयुष्यभराच्या शिव्या खाऊन घेतल्या.

मग तो ऐकायला शिकला. नदीत रात्री जाळं सोडून बसणाऱ्याला ते शिकवावं लागत नाही. खेळायच्या काठीच्या टोकाला खडू घासल्याचा खर्रखर्र आवाज यायचा, मग फरशीवर बूट सरकायचा, मग खोली श्वास रोखायची. त्या क्षणी दोरी सैल सोडायची. चेंडू चेंडूला भिडल्याचं ऐकलं की पुन्हा ओढायची. काही दिवसांनी आतून शिव्या येणं बंद झालं, आणि त्याचं कोणाला काही वाटलं नाही. एका माणसाला सोडून.

तो माणूस एका संध्याकाळी खेळ संपल्यावर वळसा घालून पडवीत आला. बुटका, साठी गाठलेला, जाड काचांचा चष्मा, अंगात लांब कोट. "कोन हाये रे पंख्यावर?" त्यानं विचारलं.

केवळराम धडपडत उठला. "मी जी."

"मी म्हंजे कोन? नाव असंल ना?"

"केवळराम, जी."

"कुठचा?"

"अहेरीकडला. ढिवर हाओ जी."

"तरीच," म्हातारा म्हणाला. "जाळ्यावर बसल्यावानी बसते तू. बरं वाटते मले, तू असला की." आणि तो अंधारात चाचपडत पायऱ्या उतरून गेला. केवळराम कितीतरी वेळ दोरी हातात धरून उभाच राहिला. भागीरथा गेल्यापासून त्याला नाव विचारणारा हा पहिलाच माणूस होता.

हेच येरावारसाहेब. साहेब म्हणायचं, पण अंमलदार नव्हेत. चांद्याचे राहणारे, एका लाकूड-ठेकेदाराच्या डेपोचा कारभार बघायला आले आणि इथंच रुतले. बायको वारलेली, एकुलती मुलगी वर्ध्याला दिलेली. तरुणपणी नागपुरात स्नूकर खेळून त्यांनी म्हणे ढाल जिंकली होती, एकदा नव्हे, लागोपाठ. क्लबातले नवे अधिकारी त्यांना तोंडावर "चॅम्पियन" म्हणत आणि पाठीमागे "ढाल गंजली आता" म्हणत. म्हातारा दोन्ही ऐके आणि खडू घासत राही.

केवळरामाला खेळ समजावला तो मार्कर बुधूनं. मार्कर म्हणजे चेंडू जागेवर मांडणारा आणि गुण पुकारणारा नोकर. खेळ आटोपला की बुधू पडवीत बिडी ओढायला येई आणि बोटांनी हवेत टेबल काढून दाखवी. "पांढऱ्यानं मारायचं. लाल पाडला की एक. मंग रंगाचा पाडायचा. पिवळा दोन, हिरवा तीन, असं करत करत काळा सात. रंगाचा पडला की मी पुन्हा ठेवतो. लाल संपले की मंग रंगाचे ओळीनं पाडत जायचे, ते नाई ठेवत."

"आन साहेब मोठे का?"

"मोठे होते," बुधू म्हणायचा. "तवा म्हणे अशे मारत का टेबल हालत होतं. आता बुढे झाले. आता फुंकल्यावानी मारतात."

पण ते फुंकणंच केवळरामाला आवडायचं. बाकीचे साहेब मारत तेव्हा बंदुकीचा बार उडाल्यासारखा आवाज येई, मग चेंडू चारी कडांवर धडकत फिरत, आणि शेवटी कोणीतरी "अरेरे" म्हणे. येरावारसाहेबांचा आवाज वेगळा. पाण्याच्या वर तोंड काढून मासोळी चुळकन् परत जाते ना, तेवढाच. मग थोडी शांतता, आणि चेंडू जाळीत पडल्याची चाहूल. कधी ते चेंडू पाडतच नसत, पांढरा नेऊन इतरांच्या मागं दडवून ठेवत. मग समोरचा साहेब चिडे, बुटांचा आवाज टेबलाभोवती गरागरा फिरे. केवळराम पडवीत एकटाच हसायचा. मरळ मासोळी अशीच गाळात दडते आणि उथळ पाण्यात पोरं उगाच चिखल करतात, हे त्यानं लहानपणापासून पाहिलेलं.

वर्षं जात होती तसे साहेब आणखी हळू झाले. खडू घासायचे, बूट सरकायचा, आणि मग शांतता लांबत जायची. दोरी हातात सैल. घामाची धार मानेवरून उतरायची तरी केवळराम हलायचा नाही. आतले लोक जांभया देत. पण पडवीत बसलेल्याला ती शांतता आपलीच वाटायची. एका टोकाला साहेब वाकलेत, दुसऱ्या टोकाला आपण, आणि मधे एक भिंत. ज्याच्याशी दिवसभरात कोणी दोन शब्द बोलत नाही, त्या माणसाला एवढीही सोबत पुष्कळ होते. साहेब विचार करतायत, असं तो समजे. चॅम्पियन माणूस, विचार करणारच.

त्याच काळात बुधू पुकारायचाही जास्त. पूर्वी नुसते गुण सांगे. आता साहेब मारायच्या आधी कुठला चेंडू कुठं आहे तेही मोठ्यानं म्हणे, "गुलाबी मधी! काळा खालती! निळा उजव्या काठाले!" केवळरामाला वाटलं, हे भोकापल्याड बसलेल्या आपल्यासाठी. बुधूचे उपकार मानून त्यानं त्याला दोनदा भाजलेली मासोळीही खाऊ घातली. बुधूनं ती काटे वेचत खाल्ली.

टेबलाच्या सहा कोनाड्यांखाली सुताच्या जाळ्या होत्या, पडलेला चेंडू झेलायला. त्या कुजून फाटल्या. नव्या मागवायच्या तर कलकत्त्याहून, आणि तोवर चेंडू फरशीवर आपटणार. तेव्हा कोणालातरी आठवलं की पंखा ढिवर आहे, त्याला विणता येत असेल. केवळरामाला दुपारी आत बोलावलं, एक जुनी जाळी हातात दिली आणि सांगितलं, अशा सहा कर. रिकामं टेबल त्यानं तेव्हा पहिल्यांदा धड पाहिलं. हिरवं, शांत, एकही चेंडू नाही. पाणी उतरलेल्या तळ्याबोडीसारखं ते त्याला ओकंबोकं वाटलं.

त्यानं जाळ्या विणल्या. बापानं शिकवलेल्या गाठींनी, मन लावून. आणि हात चालता चालता विणकर जे करतो तेच त्यानं केलं. फेकायच्या जाळ्याला खाली शिशाच्या गोळ्या असतात, त्याशिवाय जाळं पाण्यात बसत नाही. केवळरामाच्या घरात गोळी न लावता जाळं पुरं झालं असं कधी कोणी म्हटलंच नव्हतं. खुंटीवरच्या बापाच्या जाळ्यातल्या सहा गोळ्या सोडवून त्यानं सहाही जाळ्यांच्या बुडाशी एकेक गाठवून टाकली.

संध्याकाळी खेळ सुरू झाला. पहिला लाल पडला आणि खोलीत आवाज झाला, टक! सगळे थबकले. पुन्हा चेंडू पडला, पुन्हा टक. मग हशा उसळला. क्लबाच्या सेक्रेटरीसाहेबांना मात्र हसू आलं नाही. "चेंडू फुटतील, मूर्खा!" ते भोकाच्या दिशेनं ओरडले. "इथं काय मासे धरायचेत? उद्या सगळ्या गोळ्या काढ!" पडवीत केवळरामाचे कान लाल झाले. शिसं मऊ असतं, चेंडू फुटत नाही, हे त्याच्या तोंडाशी आलं होतं. पण पंख्याला तोंड कुठं असतं?

मग येरावारसाहेबांचा आवाज आला. हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "राहू द्या सेक्रेटरीसाहेब. माझ्यासाठी राहू द्या."

"अहो चॅम्पियन, हे काय आहे?"

"म्हाताऱ्याचा हट्ट समजा."

हट्ट राहिला, गोळ्या राहिल्या. साहेबांनी आपली लाज राखली, असं केवळरामानं मनाशी धरलं, आणि त्या दिवसापासून तो साहेबांसाठी जीव टाकायला तयार झाला. जीव टाकायची वेळ गरिबाला कोणी देत नाही. दोरी ओढायची वेळ तेवढी रोज येई.

मग तो मे महिना आला. चांद्याहून जंगल खात्याचा एक तरुण साहेब बदलून आला होता. डेहराडूनला शिकलेला, हात सफाईचा. क्लबात सगळ्यांना हरवून झाल्यावर वर्षाच्या सामन्यात त्याची गाठ येरावारसाहेबांशी पडली. सगळा क्लब आत कोंबला होता. उकाडा असा की दोरी हातातून घसरत होती.

म्हातारा मागं पडला. बुधूच्या पुकारण्यावरून केवळरामाला कळत होतं, पोरगा भराभर पाडत चाललाय. लाल संपले. पिवळा, हिरवा आणि त्यानंतरचा तपकिरी पोराच्या खात्यात गेले. आता उरले निळा, गुलाबी आणि काळा, आणि तिन्ही पडले तरच म्हातारा जिंकणार. खोलीत खुर्च्या सरकू लागल्या, लोक उठायच्या बेतात.

"साहेब, निळा उजव्या काठाले," बुधू म्हणाला.

खर्रखर्र. बूट. केवळरामानं दोरी सोडली. एवढी शांतता झाली की दूर आरागिरणीच्या आवारात कुत्रं खाजवल्याचं ऐकू आलं असतं. मग चुळकन् आवाज, आणि टक.

"गुलाबी मधी."

पुन्हा तेवढीच शांतता. चुळकन्. टक.

"काळा खालती, साहेब. कोनाड्याजवळ."

यावेळी शांतता संपेचना. कुलदैवताला केवळरामानं पाच मासोळ्या कबूल केल्या, मग दहा. चेंडू चेंडूला भिडला तो इतका हळू की भिडला की भास झाला, कळेना. चेंडू चालतोय, चालतोय, कापडावरून त्याची सरसर... आणि टक!

आत छप्पर उडेल असा कल्लोळ झाला. टाळ्या, शिट्ट्या, तरुण साहेबही मोठ्या मनानं ओरडत होता. पडवीत केवळराम उठून उभा राहिला, लंगड्या पायावरच दोनदा नाचला आणि भानावर आला. सांगायचं कोणाला? समोर अंगण, अंगणापलीकडे काळोख. भागीरथा असती तर चुलीपाशी बसून तिनं सगळं दोनदा ऐकलं असतं आणि तिसऱ्यांदा "आता पुरे" म्हणून भात वाढला असता. त्याला रडू आलं. आतून कोणीतरी ओरडलं, "पंखा! मेला काय?" त्यानं डोळे पुसले आणि दोरी धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब डेपोकडे चालले होते, काठीनं रस्ता चाचपत. केवळराम झाडू टाकून आडवा गेला. "साहेब, काल काळा पडला जी."

"तुले कसं समजलं रे?"

"आवाज आला ना जी. टक झालं."

साहेब थांबले. "मलेही तसंच समजलं," ते म्हणाले.

केवळरामाला वाटलं साहेबांनी गंमत केली, तो खो खो हसला. मग धीर करून त्यानं मनातलं बोलून टाकलं. "साहेब, एकडाव पाहाचं होतं जी मले. तुमचा खेळ. एकच डाव."

"ये ना मंग. मी सांगतो त्याइले."

साहेबांनी शब्द टाकला, नाही असं नाही. पण क्लबात कोणीतरी म्हणालं, "पंखेवाला आत बसला तर पंखा कोण ओढणार?" आणि सगळे हसले. हिवाळ्यात पंखा नसे, पण तेव्हा केवळरामाला डेपोत राखणीला धाडत. एवढी साधी गोष्ट, पण ती जुळून यायला जागाच नव्हती. जिवात जीव आहे तोवर एकदा तो खेळ बघायचा, एवढं एकच मागणं त्याच्यापाशी उरलं होतं. जेवताना, झाडताना, दोरी ओढताना तेच.

पुढं नागपूरचं राज्य गेलं, मुंबईचं आलं. केवळरामाला त्यातला फरक एवढाच कळला की आरागिरणीच्या इंजिनावरून क्लबात वीज आली. छताची फळी उतरवली, भोक चुन्यानं बुजवलं आणि लोखंडी पंखा घरघरू लागला. केवळरामाला काढलं नाही, आवार झाडायला ठेवलं. माणुसकी होती म्हणायची. संध्याकाळी तो सवयीनं पडवीत येऊन बसे. पण भोक बुजलेलं आणि पंख्याची घरघर अशी की आतलं टक बाहेर पोचेना. भिंतीला कान लावून पाहिला, तेही जमेना. बिनदोरीचे हात मांडीवर ठेवून तो बसून राही आणि वेळ झाली की उठून जाई.

साहेबही येईनासे झाले. बुधूला विचारलं तर तो म्हणाला, "पंख्याच्या आवाजात त्याइले खेळता येत नाई म्हणतात." केवळरामाला ते पटलं. त्याच पावसाळ्यात बातमी आली की डेपोचा कारभार सोडून साहेब वर्ध्याला लेकीकडे चाललेत, कायमचे.

जायच्या आदल्या दिवशी आठवडी बाजार होता. बुधू बाजारात, साहेब लोक दौऱ्यावर. भर दुपारी केवळराम आवारातली सागाची पानं ओढत होता आणि येरावारसाहेब फाटकातून आत आले. अंगात तोच लांब कोट. पायऱ्यांवर काठी टेकवत ते चढले, मधल्या खोलीचं दार उघडलं आणि आतूनच हाक मारली. "केवळराम! हाये का रे इथी?"

"हाओ जी."

"ये आत. पाहाचं होतं ना तुले?"

केवळराम उंबऱ्याशी अडला. "मी? आत?"

"तूच. दुसरं कोन हाये? खिडक्या उघड. आन तो पंखा लावू नोको."

त्यानं खिडक्या उघडल्या. उन्हाचे पट्टे टेबलावर पडले. साहेबांनी सांगितलं तसे त्यानं रंगाचे चेंडू बाहेर काढले. पहिल्यांदाच ते त्याच्या हातात येत होते, गार, गुळगुळीत, वाटलं होतं त्याहून जड. "काळा तिकडल्या कोनाड्याजवळ ठेव," साहेब म्हणाले. "त्या दिवशी होता तसा. निळा काठाले." त्यानं ठेवले. मग साहेबांनी पांढरा मागितला, आणि तो देताना केवळरामानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. चष्मा नव्हता. शिजलेल्या मासोळीचे होतात तसे डोळे पांढरे झाले होते.

साहेबांनी टेबलाची कड चाचपली, बोटांनी पांढरा शोधला, खेळायची काठी त्याच्यामागं नेली. खडू घासला. बूट सरकला. आणि ती शांतता आली, केवळरामाच्या ओळखीची, वर्षानुवर्षांची. साहेब विचार करत नव्हते. ते शोधत होते. बुधू रंग पुकारायचा तो भोकापल्याडच्या माणसासाठी नव्हता. गोळ्या ठेवा म्हणाले तेही पंख्याची लाज राखायला नव्हे. हा माणूस सगळा खेळ कानानंच खेळत आला होता, भिंतीच्या आत, जसा आपण बाहेर.

चुळकन्. पांढरा गेला आणि काळ्याच्या शेजारून निघून गेला. कड, पुन्हा कड, मग थांबला.

साहेबांनी मान वाकडी केली. काही आलं नाही. "चुकला," ते म्हणाले. केवळरामानं पांढरा परत आणून दिला. दुसऱ्यांदाही चुकला. तिसऱ्यांदा काळ्याला लागला, पण काळा कोनाड्याच्या तोंडाशी येऊन अडला, चार बोटं अलीकडे.

साहेब वाकलेलेच होते. तोंड कोनाड्याकडे केलेलं, दारावर कोणी यायचं असावं तसे ते कान देऊन थांबले होते. केवळराम त्या कोनाड्यापाशीच उभा होता. त्यानं पाहिलं, ते तोंड पाहिलं, आणि त्याला ते बघवेना. त्याचा हात पुढं गेला. काळा उचलला आणि जाळीत सोडला.

टक.

साहेब सरळ झाले. बाहेर पानांवरून कोंबडी चालत गेल्याचं ऐकू आलं.

"केवळराम."

"जी."

"चेंडू असा पडत नाई. कापडावरून सरकत येते, काठाले घासते, मंग पडते. हा वरतून पडला."

केवळरामाची मान खाली गेली. आयुष्यात एकदा आत बोलावलं आणि काय करून ठेवलं आपण! चॅम्पियन माणसाला फसवलं, तेही आंधळ्या चॅम्पियनला. आता काठी टेकतील, कोट सावरतील आणि निघून जातील, असं त्याला वाटलं.

पण साहेबांनी खडू उचलला आणि काठीच्या टोकाला घासायला लागले. आणि ते हसत होते.

"पाहून राह्यला ना तू?" त्यांनी विचारलं.

"हाओ जी. पाहून राह्यलो."

"मंग उभा काऊन? निळा राह्यला अजून. त्यालेही पाड."

साहेब वाकले. बूट सरकला. केवळरामानं निळा चेंडू कोनाड्याच्या तोंडाशी धरला आणि श्वास रोखून, दोरी सैल सोडल्यासारखा, त्यांच्या मारण्याची वाट पाहत राहिला.